कारणाचा रकाना

"माझ्या स्टोअरमधून बत्तीस वर्षांत चिठ्ठीशिवाय एक नटसुद्धा बाहेर गेला नाही!"

हे वाक्य गोरक्षभाऊ थेटे दिवसातून निदान दोनदा म्हणायचे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते स्टोअरकीपर होते. दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले आणि गंगापूर रोडच्या आतल्या कॉलनीत घरी बसले. घरी बसले म्हणजे नुसतं शरीर बसलं. मन अजून स्टोअरच्या खिडकीतच होतं. बायकोने, म्हणजे लताबाईंनी, डब्यातून वाटीभर शेंगदाणे काढले तरी हॉलमधून आवाज यायचा, "कशासाठी?"

"कुटासाठी! लिहून घेता का?" लताबाई ओरडायच्या.

आणि खरं सांगायचं तर भाऊंना लिहून घ्यायला आवडलं असतं.

घरात सध्या एकच विषय होता. एकुलती एक मुलगी तेजस्विनी, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी, तिचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा शेखर बोराडे, सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर, घर घोटीला, वडिलांची भाताची गिरणी. दोघं घरच्यांच्या सांगण्यावरून दोनदा भेटले आणि कोणीही न सांगता आणखी चारदा भेटले. तेजस्विनी हल्ली फोन घेऊन गच्चीवर जायची आणि खाली यायची तेव्हा तिचा चेहरा बघून लताबाई काही न विचारता शिरा करायला घ्यायच्या. येत्या रविवारी सुपारी फुटायची होती. सुपारी फुटली की लग्न पक्कं!

आता मुलीचा बाप म्हटला की थोडी चौकशी करणारच. कोण करत नाही? पण चौकशी करायची तर माणसाने उठून घोटीला जावं, चार जणांना विचारावं, कोणाच्या तरी ओट्यावर बसून चहा प्यावा. भाऊंनी हे सगळं घरात पंख्याखाली बसून लॅपटॉपवर सुरू केलं. गुपचूप, दार लोटून. आणि तिथेच माशी शिंकली.

मंगळवारी सकाळी तेजस्विनीने बातम्या वाचायला तोच लॅपटॉप उघडला. बातमी होती धरणातल्या पाण्याची. पण बातमीच्या डाव्या बाजूला भात सडायचं यंत्र, उजव्या बाजूला 'घोटीजवळ एनए प्लॉट, शेवटचे चार शिल्लक', खाली 'टक्कल? घाबरू नका!' आणि या गर्दीत धरण कुठेतरी डबक्याएवढं उरलं होतं.

"पप्पा, आपण भाताची गिरणी टाकतोय का?"

भाऊंच्या कपातला चहा बशीत गेला. "आपण? छे! का गं?"

"मग घोटीत प्लॉट घेताय?"

"अगं, त्या कंपन्या काहीही दाखवतात. डोकं नसतं त्यांना."

"डोकं भरपूर असतं. तुम्ही एका साईटवर जाता ना, तिथे दुसऱ्याच वीस कंपन्या लपून बघत असतात. मग तुम्ही पुढे जाल तिथे त्या मागे मागे येतात. ट्रॅकर म्हणतात त्याला. तुम्ही काय बघितलं, किती वेळ बघितलं, सगळं त्यांना कळतं."

भाऊ ताडकन उभेच राहिले. "वीस जण? माझ्या मागे? माझ्या घरात घुसून? आणि मला न विचारता?"

तेजस्विनी हसली नाही. तिने लॅपटॉप बाजूला ठेवला. "पप्पा, एक खरं सांगा. तुम्ही शेखरच्या घरच्यांची मागून चौकशी करताय का?"

"मी?"

"करत असाल तर थांबवा. शेखरच्या वडिलांना, अण्णांना, ते अजिबात चालत नाही. समोर बसून वाट्टेल ते विचारा म्हणतात, पण पाठीमागून नको. एक चांगलं जमलेलं स्थळ त्यांनी तेवढ्यावरून परत पाठवलंय. मला... मला हे व्हायला हवंय पप्पा."

इथे भाऊंना खरं बोलायची संधी होती. 'हो गं, जरा बघत होतो' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण साठ वर्षांचा माणूस लेकीपुढे चोरासारखा उभा राहणार कसा! भाऊंनी छाती पुढे काढली.

"नाही! मी तसला माणूस वाटलो का तुला?"

"नाही वाटलात," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण लगेच गेला. "म्हणून तर सरळ विचारलं."

भाऊंनी क्षणभर तिची नजर चुकवली. पण क्षणभरच.

तेजस्विनीने दोन मिनिटांत ब्राउझरमध्ये ट्रॅकर अडवणारी एक सोय बसवून दिली. कोपऱ्यात एक चिमुकली ढाल आली. साईट उघडली की ढालीवर आकडा यायचा, इतके अडवले म्हणून. "मधल्या सेटिंगवर ठेवलंय. कडक करू नका हं, मग साईटी धड चालत नाहीत," असं सांगून ती कॉलेजला गेली.

ती फाटकाबाहेर पडेपर्यंत भाऊंनी कडक केलं होतं.

काय तो आनंद! पंचांगाची साईट उघडली, एकोणीस अडवले! कांद्याचे भाव उघडले, चौतीस! भाऊ प्रत्येक आकड्याला मांडीवर थाप मारत होते. इतके चोर त्यांनी बत्तीस वर्षांत पकडले नव्हते. दुपारी त्यांनी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर लताबाईंची एक मोठी लाल टिकली चिकटवली आणि बाजारात जाऊन दोनशे पानी लांब रजिस्टर आणलं. पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं, 'ट्रॅकर अटकाव नोंदवही'. पट्टी घेऊन रकाने आखले: अनुक्रमांक, तारीख, कोणत्या साईटवर गेलो, जाण्याचे कारण, किती अडवले, शेरा, सही. सही तेच करायचे आणि खाली 'तपासले' म्हणून दुसरी सहीपण तेच करायचे.

जाण्याचे कारण कशाला, असं तुम्ही म्हणाल. अहो, हा माणूस आयुष्यभर 'कशासाठी पाहिजे ते लिहा, मग माल घ्या' एवढंच बोलत आला होता! कारण नसलेली नोंद त्यांच्या हाताने झालीच नसती. आणि कारण लिहायचं तर खरं लिहायचं. गोरक्षभाऊ माणसाशी एक वेळ खोटं बोलतील, रजिस्टरशी नाही! शिवाय तो रकाना कोणी वाचेल ही भीती त्यांना नव्हतीच. बत्तीस वर्षांत तो कोणी वाचला नव्हता. तपासणीला आलेले साहेबसुद्धा शेवटच्या बेरजेवर टिक मारायचे आणि चहाकडे वळायचे.

मागे कोणी नाही म्हटल्यावर चौकशीला उलट जोर चढला. आधी बिचारे भीत भीत बघायचे, आता ढालीआडून बघू लागले. सकाळी आंघोळ करून बसत ते जेवायला उठत. रजिस्टरची पानं भरत गेली.

गुरुवारी लताबाई म्हणाल्या, "सिलिंडर बुक करा, रविवारी पाहुणे आहेत. दुसरा रिकामा पडलाय, एकावरच चाललंय." भाऊंनी गॅसची साईट उघडली, 'बुक करा' दाबलं. पडद्यावर एक गोल फिरू लागला. ढालीवर आकडा आला, बारा. भाऊंनी रजिस्टरात नोंद केली, लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "झालं! बारा चोरांच्या नाकावर टिच्चून बुक केला!"

रविवार उजाडला. घोटीहून मोजकीच माणसं आली. सहादू बोराडे, म्हणजे अण्णा, डोक्यावर पांढरी टोपी, हात गिरणीच्या पट्ट्यासारखे राकट. त्यांच्या पत्नी सुलाबाई, तोंडाचा पट्टा घराच्या पायरीपासून सुरू. शेखर, कमी बोलणारा. आणि शेखरची चुलत बहीण पायल. तेजस्विनी अबोली रंगाची साडी नेसून आईच्या शेजारी उभी होती आणि शेखरकडे बघायचं नाही असं ठरवून दर मिनिटाला बघत होती. भाऊंनी ते पाहिलं आणि त्यांना खरंच भरून आलं.

पाणी झालं, चहा झाला. लताबाई पुऱ्या तळायला आत गेल्या. तेवढ्यात अण्णांनी खिशातून फोन काढून टीपॉयवर आपटला.

"काय सांगावं थेटेसाहेब! परवा फोनवर पान्याच्या मोटारीचा भाव बघितला. नुसता बघितला! तवापासून मोटारीच मोटारी. भजन लावलं तरी मोटार! लय वैताग."

इथे एखादा शहाणा माणूस 'हो ना' म्हणून चिवडा पुढे करता. पण भाऊंच्या अंगात वारं शिरलं.

"अण्णा, आमच्या घरात हा प्रकार बंद! कायमचा!"

"पप्पा, राहू द्या ना," तेजस्विनी हळूच म्हणाली.

"कसं राहू द्या? पाहुण्यांना कळू तर दे!" भाऊंनी लॅपटॉप आणला. ढाल दाखवली.

"ह्याला टिकली का लावलीया?" सुलाबाईंनी विचारलं.

"कॅमेऱ्यातून कोणी आपल्याला बघू नये म्हणून."

सुलाबाईंनी घाईघाईने पदर सारखा केला.

"आणि हे बघा!" भाऊंनी कपाटातून रजिस्टर काढलं आणि शेवटचं पान उघडून अण्णांच्या मांडीवर ठेवलं. "बेरीज बघा. एक हजार चारशे बारा! पाच दिवसांत! एकेकाची नोंद आहे. माणसाचं खासगी ते खासगीच राहिलं पाहिजे, असं माझं मत आहे."

"मत चांगलं हाय," अण्णा म्हणाले आणि खिशातून चष्मा काढला.

भाऊ विसरले ते एवढंच की समोर तपासणीचे साहेब नव्हते. गिरणीवाला होता. पोत्यात हात घालून तळाचा दाणा वर काढल्याशिवाय सहादू बोराड्यांनी कधी पोतं घेतलं नव्हतं. बेरीज त्यांनी पाहिली न पाहिली, आणि बोटाला थुंकी लावून पहिल्या पानाकडे निघाले.

"अहो, जरा आत येता?" स्वयंपाकघरातून आवाज आला. हा आवाज तेहेतीस वर्षांच्या ओळखीचा होता. भाऊ पळाले.

कढईत एक पुरी अर्धी फुगून तशीच बसली होती.

"गॅस गेला," लताबाई म्हणाल्या.

"जाईल कसा? गुरुवारी बुक केला! नोंद आहे, अनुक्रमांक अठरा!"

"मग त्या अठरावर तळू का पुऱ्या?"

ढालीने अडवलेल्या त्या बारांत आपलं बुकिंगही अडकून पडलं, हा उजेड भाऊंच्या डोक्यात आत्ता पडला. मागच्या दाराने ते समोरच्या नवसाबाईंकडे धावले. नवसाबाई चांगल्या. सिलिंडर द्यायला लगेच तयार. पण देता देता म्हणाल्या, "पाहुणे कुठले हो?"

"घोटीचे."

"अगं बाई! घोटीत माझी मावसबहीण दिलीय."

आता भाऊंचे पाहुणे घरात, कढई गार, हातात उसना सिलिंडर. तरीही त्या माणसाच्या तोंडून काय बाहेर पडावं? "मग बोराड्यांना ओळखत असेल ती. माणसं कशी आहेत हो? काही ऐकलंय का?"

नवसाबाईंनी काही ऐकलं नव्हतं, पण ते सांगायला त्यांना दहा मिनिटं लागली.

भाऊ सिलिंडर पोटाशी कवटाळून परत आले. मागचं दार कोणीतरी आतून लावून घेतलं होतं, म्हणून पुढून आले. हॉल शांत होता. सुलाबाईसुद्धा शांत होत्या! एकटे अण्णा बोलत होते. म्हणजे वाचत होते. ओळीखाली बोट धरून, शाळेतल्यासारखं, सावकाश.

"अनुक्रमांक चार. सातबारा. कारन, बोराडे सांगतात तेवढी जमीन आहे का ते पाहणे. अडवले, दोन. शेरा, अकरा एकर सांगितली, नऊ एकर बारा गुंठे भरली."

भाऊ सिलिंडरसकट उंबऱ्यातच थबकले.

"बाकीची आईच्या नावावर हाय," अण्णा कोणाकडेच न बघता म्हणाले. "इचारलं असतं तर उतारा आनून दिला असता. अनुक्रमांक सात. बापाला टक्कल असेल तर मुलाला कितव्या वर्षी पडते. कारन, शेखर. अडवले, सत्तावन्न."

अण्णांनी टोपी काढली, टक्कल पुसलं, टोपी परत घातली. शेखरचा हात आपोआप केसांत गेला.

"अण्णा, ते... ते नाही... ते हॅक झालंय!" भाऊ ओरडले.

"वही हॅक झाली?" पायलने विचारलं.

"अक्षर तुमचंच हाय. खाली सही हाय. तपासले म्हनून दुसरी सही हाय," अण्णा म्हणाले आणि पान उलटलं. "अनुक्रमांक अकरा. जास्त बोलणाऱ्या सासूपासून मुलीने कसे वाचावे."

"कोन जास्त बोलतं?" सुलाबाई एवढंच म्हणाल्या. मग मात्र त्यांनी ओठ असे घट्ट मिटले की भाऊंना वाटलं, त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं.

"अनुक्रमांक वीस. मुलाचे जुने फोटो. कारन, नऊ वर्षांपूर्वीच्या फोटोत गळ्यात हात टाकून उभी असलेली मुलगी कोण. शेरा, तपास चालू."

"ती मी," पायल म्हणाली. "भावाच्या हळदीतला आहे तो."

भाऊंनी सिलिंडर अजून खाली ठेवला नव्हता. ठेवायचं सुचलंच नव्हतं. हातांना कळ लागली होती, पण तेवढा एक आधार होता, त्याच्याआड निम्मं अंग तरी लपत होतं. लताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, झारा हातात. आणि तेजस्विनी? तिच्याकडे बघायची भाऊंची हिंमत होईना. जमिनीकडे बघत असताना तिच्या साडीचा काठ तेवढा दिसत होता. तो जराही हलत नव्हता.

अण्णांचं बोट आणखी सहा ओळी खाली गेलं आणि थांबलं. त्यांनी ती ओळ वाचली. मोठ्याने नाही. मग चष्मा काढला, रजिस्टर मिटलं, मध्ये बोट तसंच ठेवून तेजस्विनीपुढे धरलं.

"पोरी, हे तुझं हाय. हे मी वाचनार नाय."

तिने घेतलं. वाचलं. भाऊंना ती ओळ तोंडपाठ होती. शुक्रवारी सकाळी, सुवाच्य अक्षरात त्यांनीच लिहिली होती. 'अनुक्रमांक सव्वीस. मुलीच्या फोनवरचे मेसेज घरच्या लॅपटॉपवर कसे दिसतील. कारण, ती शेखरशी काय बोलते ते समजणे. अडवले, चव्वेचाळीस.'

"पाहिलेत?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"नाही! शपथेवर सांगतो, नाही! ती साईट उघडलीच नाही! तुझ्या त्या ढालीने उघडूच दिली नाही!"

"म्हणजे उघडली असती तर पाहिले असते."

भाऊंनी सिलिंडर आणखी वर धरला.

"मग आकडा चुकलाय पप्पा," तेजस्विनी म्हणाली आणि रजिस्टर टीपॉयवर ठेवलं. "पंचेचाळीस अडवले."

बत्तीस वर्षांत भाऊंची नोंद कोणी चुकीची ठरवली नव्हती. आज पोरीने ठरवली आणि ती बरोबर होती. भाऊंना लाज वाटली. सगळ्या जगाने आपल्यावर पाळत ठेवली म्हणून ज्या माणसाने पाच दिवस थयथयाट केला, त्याच्याच घरात सगळ्यात मोठा पाळतखोर रोज आंघोळ करून, गंध लावून खुर्चीत बसत होता!

अण्णा उठले. सुलाबाई उठल्या. पायलने पर्स उचलली. लताबाईंच्या हातातला झारा खाली आला. तेजस्विनीने मान खाली घातली, आणि लग्न मोडलं तर ते आपल्यामुळे, फक्त आपल्यामुळे मोडलं, हे भाऊंना सिलिंडरसकट कळलं.

"अण्णा, एक मिनिट," शेखर म्हणाला. सकाळपासूनचं हे त्याचं दुसरं वाक्य असेल. "तेजस्विनी, मंगळवारचा तुझा मेसेज वाचून दाखवू का? तू हो म्हणालीस तर."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

शेखरने फोन काढला. "हिने मला लिहिलंय: 'तुझ्या घरी सांग, काळजी करू नका. मी पप्पांना सरळ विचारलं, तुम्ही मागून चौकशी करताय का. ते नाही म्हणाले. म्हणजे नाहीच. माझे पप्पा मोजून-मापून बोलतात, कधीकधी फार बोलतात, पण माझ्याशी खोटं नाही बोलत.'"

ज्यासाठी एवढा उपद्व्याप केला, ती लेक शेखरशी काय बोलते ते भाऊंना अखेर कळलं. सगळ्यांदेखत. त्यांनी सिलिंडर खाली ठेवला.

"तेजू," ते म्हणाले, "मी खोटं बोललो."

एवढंच जमलं. मग ते अण्णांकडे वळले, हात जोडले. "अण्णा, चूक माझी आहे. हिचा यात काही संबंध नाही. हिने मला बजावलं होतं. तुम्हाला जे बोलायचं ते मला बोला."

अण्णांनी त्यांना निरखून पाहिलं. पोत्यातला दाणा हातावर घेऊन बघावा तसं. मग म्हणाले, "शेखरची आई, बस खाली."

"अवो पन..."

"बस म्हनतो ना! पोरीनं बापावर इश्वास ठेवला. बाप खोटा निघाला, त्यात पोरीची काय चूक? अशी पोरगी आपल्या घरात येत आसंल तर मला पायजे." त्यांनी बोट भाऊंकडे केलं. "आन् नांदायला ही येनार हाय. ह्यो नाय."

पहिल्यांदा पायल हसली. मग शेखर. मग लताबाई, आणि त्या हसता हसता रडायलाच लागल्या. सुलाबाई म्हणाल्या, "मी कुटं जास्त बोलते? आमच्याकडं कोनी बोलतच नाय, म्हनून मला बोलावं लागतं," आणि त्यानंतर सलग वीस मिनिटं बोलल्या. आज त्या आवाजाएवढं गोड भाऊंनी काही ऐकलं नव्हतं.

सुपारी फुटली. अण्णांनीच फोडली, एका घावात. पुऱ्या तळल्या गेल्या. जेवणं झाली आणि भाऊ पेढ्यांचं ताट घेऊन सगळ्यांपुढे फिरू लागले.

ते सुलाबाईंसमोर आले. सुलाबाईंनी मांडीवरचा फोन पालथा घातला आणि पेढा घेतला. पायलने फोन पर्समध्ये टाकला आणि पेढा घेतला. शेखरने अगदी नम्रपणे फोन खिशात सरकवला. अण्णांनी तर स्वतःच्या फोनवर टोपीच ठेवली. लताबाईंच्या फोनमध्ये भरल्या वांग्याच्या कृतीशिवाय काही नव्हतं, पण त्यांनीही तो पदराखाली घेतला. भाऊ कोणाला काय बोलणार? ते फक्त "घ्या, घ्या" म्हणत पुढे सरकत राहिले.

शेवटी तेजस्विनी. ती भिंतीजवळच्या लांब सोफ्याच्या एका टोकाला बसली होती. तिने पेढा घेतला, निम्मा मोडून भाऊंच्या हातावर ठेवला आणि "बसा पप्पा" म्हणून पाणी आणायला उठून गेली. बसायला तेवढीच जागा रिकामी होती. भाऊ बसले. आणि मग त्यांना दिसलं की तिचा फोन तिथेच, त्यांच्या मांडीला लागून, उताणा पडलाय. उघडा. पडद्याचा उजेड तसाच चालू.

विसरली असेल? पण तेजस्विनी फोन कधी विसरत नसे.

फोन थरथरला. काहीतरी आलं. भाऊंनी मान झटकन दुसऱ्या बाजूला फिरवली. तो पुन्हा थरथरला. भाऊंनी मान आणखी फिरवली, इतकी की आता त्यांना भिंतीचा रंग आणि त्यावर डास मारल्याचा एक डाग एवढंच दिसत होतं. हातातला अर्धा पेढा चिकट झाला. तेजस्विनी पाणी आणायला गेली ती काही लवकर आली नाही. तिला दहा मिनिटं लागली असतील, पंधरा लागली असतील. भाऊंनी मान हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी ते आपला रिकामा सिलिंडर बदल्यात द्यायला गेले तेव्हा मान एका बाजूला पार आखडली होती. नवसाबाईंनी दारातच विचारलं, "अगं बाई! मानेला काय झालं हो?"

"काही नाही," भाऊ म्हणाले. "दुसरीकडे बघत होतो."